'डिसेंट' घरांच्या विरोधात

'डिसेंट' हा शब्द मराठी घरांमधून हद्दपार करावा अशी माझी मागणी आहे. निदान फर्निचरच्या बाबतीत तरी. माणसांच्या बाबतीत हवा तर ठेवा, तिथे तसाही तो फक्त लग्नाच्या स्थळांसाठीच वापरतात. ("मुलगा डिसेंट आहे" याचा अर्थ मुलाबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही.) फर्निचरचंही नेमकं तेच आहे, आणि त्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज शनिवार आहे, चहा झालाय, प्रॉडक्शनमधून अजून कुणाचा फोन आलेला नाही. तर चला.

गेल्या दीड वर्षात मित्रमंडळींच्या मिळून सात वास्तुशांती जेवले. बाणेर, वाकड, खराडी आणि एक ठाण्यात. सातही घरांत शिरल्या शिरल्या शू रॅक, त्यावर गणपती. समोर 'एल' आकाराचा सोफा, रंग बेज नाहीतर ग्रे. सोफ्यासमोर टीव्ही युनिट, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, पॅनेलच्या कडेने पिवळा उजेड. वर फॉल्स सीलिंग, त्यातूनही पिवळा उजेड. कोपऱ्यात बुद्धाचं डोकं. (फक्त डोकं. बाकीचा बुद्ध कुठे गेला हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.) बाल्कनीत अंड्याच्या आकाराचा वेताचा झोपाळा. त्यात माणूस बसलेला मी पाहिला नाही, पण वाळलेले कपडे घडीची वाट बघत बसलेले असतात.

सगळं स्वच्छ, सगळं बऱ्यापैकी महाग आणि सगळं डिसेंट. या सातपैकी कुठल्याही घरात मला डोळे बांधून नेऊन सोडलंत तर बाथरूमचं दार कुठे असेल ते मी अचूक सांगेन. घर कुणाचं आहे ते मात्र नाही सांगता येणार.

आणि ही सात घरची माणसं एकसारखी नाहीत हो! एकजण दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कड्यावर लटकत असतो. त्याचे दोर आणि बूट डिकीत राहतात, कारण घरात 'बरे दिसत नाहीत'. एकीकडे हजारभर पुस्तकं आहेत, बेडच्या आत, खोक्यांमध्ये. एखादं वाचायचं झालं तर आधी गादी काढायची, मग हायड्रॉलिक उचलायचं. (तिने वाचन कमी केलंय.) एकजण तबला वाजवतो, म्हणजे वाजवायचा. तबला सध्या लॉफ्टवर आहे. ज्याने ज्याने माणूस ओळखू येईल ते सगळं आत, आणि दर्शनी भागात बुद्ध.

हे असं का होतं? मी विचारून पाहिलंय. उत्तरं दोनच येतात: 'लोक येतात जातात' आणि 'रिसेल'.

दुसऱ्या उत्तराचा मला ताजा अनुभव आहे. माझ्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा मी पुस्तकांसाठी गडद निळं, काही फळ्या तिरक्या असलेलं कपाट सांगितलं. कागदावर मापांसकट काढून दिलं. कॉन्ट्रॅक्टरने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, मॅडमना जरा समजवा. विकताना प्रॉब्लेम येतो."

लोन माझ्या नावावर आहे. वीस वर्षांचं.

म्हणजे बघा, दोनशे चाळीस हप्ते मी भरणार. त्यानंतर कदाचित, कधीतरी, घर विकणार. ते विकत घेणारा माणूस आत्ता बहुधा चौथीत आहे आणि सतराचा पाढा पाठ करतोय. त्याला पुढे कुठला रंग आवडेल हे मला माहीत नाही, त्याच्या आईला माहीत नाही, त्याला स्वतःलाही माहीत नाही. पण कॉन्ट्रॅक्टरला माहीत आहे: बेज! आणि त्या चौथीतल्या मुलासाठी मी माझी तिशी, चाळिशी बेजमध्ये काढायची. आमच्या ऑफिसात कुणी असं रिक्वायरमेंट आणलं, की जो युजर अजून अस्तित्वात नाही त्याच्यासाठी आत्ताच्या युजरचा स्क्रीन बिघडवा, तर त्याला मीटिंगमधून हाकलतील. घराच्या बाबतीत मात्र हाच व्यवहारीपणा!

बरं, वीस वर्षांनी तो मुलगा येऊन पहिलं काम काय करेल? सगळं तोडेल. आपण नाही का तोडलं आधीच्या मालकाचं?

आता या डिसेंट घरातल्या 'लाकडा'कडे जरा जवळून बघू. ते लाकूड नसतं. आत प्लाय असतो आणि वर आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तो लॅमिनेट. (सनमायका हे खरं तर ब्रँडचं नाव, झेरॉक्ससारखं.) लॅमिनेट म्हणजे मुळात कागद. तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, त्यावर डिझाइन छापलेला एक कागद मेलॅमिन रेझिनमध्ये भिजवून ठेवायचा, आणि सगळं तापवून जबरदस्त दाबाखाली दाबायचं. मिलिमीटरभर जाडीचा कडक पत्रा तयार होतो. वरच्या कागदावर छापलेलं असतं लाकडाचं चित्र. आपण प्लायवर सागाचा फोटो चिकटवतो आणि पाहुण्यांना सांगतो, "वुडन फिनिश." कधी फुरसतीने बघा, एकाच दरवाजावर तीच गाठ पुन्हा दिसते. निसर्गात कॉपी-पेस्ट नसतं.

या पदार्थाचा जन्म इलेक्ट्रिकलवाल्यांना आवडेल असा आहे. अमेरिकेत वेस्टिंगहाउसमध्ये काम करणारे हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर, विजेच्या उपकरणांत इन्सुलेशनसाठी अभ्रकाच्या जागी दुसरं काही वापरता येईल का ते बघत होते. अभ्रक म्हणजे मायका. मायकाऐवजी, म्हणजे 'फॉर मायका', म्हणून त्यांच्या १९१३ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं नाव फॉर्मायका. तेव्हा हा पदार्थ सरळमार्गी होता. करंट अडवायचा आणि गप्प बसायचा. सागवान असल्याचं सोंग त्याला नंतर शिकवलं गेलं.

याच लॅमिनेटला सोंग सोडायला लावणारा एक माणूस होऊन गेला, आणि माझ्या निळ्या कपाटाचं मूळ त्याच्यात आहे. एत्तोरे सोत्सास. इटालियन डिझायनर, जन्म १९१७, मृत्यू २००७. विचित्र फर्निचर म्हटलं की त्याचं नाव येतंच. पण मी सुरुवात करते त्याच्या कॉम्प्युटरपासून, कारण त्याचा आपल्या धंद्याशी संबंध आहे.

ओलिवेत्ती कंपनीचा 'एलेआ ९००३' हा १९५९ चा कॉम्प्युटर, संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या व्यापारी कॉम्प्युटर्सपैकी एक. त्याचं डिझाइन सोत्सासचं. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून उभी असलेली उंच उंच कपाटं. सोत्सासने कपाटांची उंची कमी ठेवली. का? तर अलीकडे काम करणाऱ्याला पलीकडचा माणूस दिसावा. केबल जमिनीखालून न नेता वरून नेल्या. या कामाला त्या वर्षीचं 'कोंपासो दोरो' हे इटलीतलं मानाचं पारितोषिक मिळालं. पुढे १९६९ मध्ये त्याने पेरी किंगबरोबर 'व्हॅलेंटाइन' नावाचा लालभडक, उचलून नेता येणारा टाइपरायटर केला, ऑफिस सोडून कुठेही वापरावा असा. सांगायचा मुद्दा, काहीतरी वेडंवाकडं करून लक्ष वेधून घेणाऱ्यांतला हा नव्हता. माणूस कुठे बसतो, बसल्यावर त्याला कोण दिसतं, याचा विचार करणारा होता.

तर डिसेंबर १९८० मध्ये मिलानला त्याच्या घरी काही तरुण डिझायनर जमले. बॉब डिलनचं एक गाणं रेकॉर्डवर पुन्हा पुन्हा वाजत होतं, त्या गाण्याच्या नावात 'मेम्फिस' होतं, म्हणून गटाचं नाव मेम्फिस. (आमच्या प्रोजेक्टची नावं याहून जास्त विचार करून ठेवली जातात असं नाही.) सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. मासानोरी उमेदाने बैठक केली होती चक्क बॉक्सिंग रिंगच्या आकाराची, दोऱ्यांसकट. मार्टिन बेदांने दिव्याला चाकं लावली, वायर धरून कुत्र्यासारखा मागे ओढून न्यावा. आणि सोत्सासचं कपाट होतं 'कार्लटन'. खाली बैठा चौथरा, त्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या फळ्या, काही आडव्या, काही तिरक्या, आणि वर कुणीतरी हात पसरून उभं आहे असा आकार. जवळजवळ दोन मीटर उंच आणि तेवढंच रुंद.

आणि हे सगळं कशाचं? तर लॅमिनेटचं! तेव्हा इटलीत लॅमिनेट म्हणजे स्वस्तातल्या कॉफी बारच्या काउंटरला आणि किचनला लावायची वस्तू. दिवाणखान्यात यायचं तर लाकडाचा मुखवटा लावून. सोत्सासने मुखवटा काढला. त्याने आधीच, १९७८ मध्ये, 'बॅक्टेरिओ' नावाचं लॅमिनेटचं डिझाइन केलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू वळवळावेत तशी काळी नक्षी. कुठल्याही झाडाला तसली नक्षी येत नाही. आम्ही प्लास्टिक आहोत, छापलेले आहोत, आणि बघा किती मजेत आहोत, असं त्या फळ्या सांगतात.

लोकांनी तेव्हा कार्लटनला विचित्र म्हटलं आणि आजही म्हणतात. म्हणू देत. पण माझा प्रश्न साधा आहे. लाल फळीला लाल म्हणणारं कपाट विचित्र, आणि कागदाला सागवान म्हणणारं कपाट डिसेंट, हे कुठलं लॉजिक?

तिरक्या फळीबद्दल तर मला रोज विचारतात. "पुस्तकं पडत नाहीत?" अहो, पुस्तकं सरळ फळीवरच पडतात. अर्धी भरलेली आडवी फळी आठवा, शेवटची चार पुस्तकं कायम लोळत असतात. तिरकी फळी पुस्तकांची ती सवय मान्य करते आणि त्यांना टेकायला जागा देते. माझ्या कपाटात बुकएंड नाहीत, लागलेच नाहीत.

मेम्फिस फार टिकलं नाही. १९८५ मध्ये सोत्सास स्वतःच बाहेर पडला आणि दशक संपायच्या आत गट विसर्जित झाला. पण त्यातला एक तरुण, मिकेले दे लुक्की, त्याने जियानकार्लो फास्सिनाबरोबर १९८७ च्या सुमारास 'तोलोमेओ' नावाचा टेबललॅम्प केला. सडपातळ अॅल्युमिनियमचे दोन हात आणि वर टोपी, जगभरच्या ऑफिसांमध्ये दिसतो तो. इतका शहाणा, साधा दिवा करणारा माणूस सहा वर्षांपूर्वी वेड्यांच्या कळपात होता. मला तर वाटतं, होता म्हणूनच करू शकला.

इथपर्यंत वाचून कुणीतरी म्हणणार, "म्हणजे विचित्र ते सगळं चांगलं का?" अजिबात नाही! आता मी दुसऱ्या पार्टीलाही झोडपणार आहे.

फिलिप स्टार्कने अलेस्सी कंपनीसाठी केलेला 'ज्यूसी सालिफ' हा लिंबू पिळायचा नग तुम्ही फोटोत पाहिला असेल. १९९० चा. तीन लांब पायांवर उभा अॅल्युमिनियमचा थेंब, परग्रहावरून आलेल्या कोळ्यासारखा. लिंबू वर दाबून पिळायचं, रस थेंबावरून ओघळत खाली ठेवलेल्या पेल्यात पडतो. बियाही पडतात. गाळणी नाही. हे लिंबू पिळायला नाहीच, गप्पा सुरू करायला आहे, असं स्टार्कचं म्हणणं सांगतात. ठीक आहे. पण पुढे दहाव्या वाढदिवसाला कंपनीने सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती काढली आणि सोबत सूचना दिली की यात लिंबू पिळू नये, आंबट रसाने मुलामा खराब होईल! डोनाल्ड नॉर्मन, म्हणजे वापरायला सोप्या वस्तूंवर पुस्तकं लिहिणारा, यूआयवाल्यांचा कुलगुरू, त्याने हा सोनेरी नग घेतला आणि घराच्या दर्शनी जागेत मांडला. २००४ च्या पुस्तकात त्याने हे आनंदाने लिहिलंय.

कुलगुरूंबद्दल आदर ठेवून म्हणते, हा तोच बुद्ध आहे. पाहुण्यांनी बघायचा आणि घरच्यांनी हात लावायचा नाही. आपल्याकडची 'क्वर्की' दुकानं याच मालाने भरलीत. 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेल्या उशा, चहाच्या केटलीचे दिवे, रिक्षाच्या आकाराचं काहीबाही. ज्याने आयुष्यात ट्रकमध्ये पाय ठेवलेला नाही त्याच्या सोफ्यावर ट्रकची पाटी. हा विचित्रपणा कॅटलॉगमधून येतो आणि दहा हजार घरांत एकसारखा जातो. तोही डिसेंटच, फक्त फॅन्सी ड्रेसमध्ये.

मग फरक कुठे करायचा? मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: तू कुणासाठी आहेस? उत्तर 'येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी' असेल तर ती बेज असो की सोनेरी, माझ्या लेखी सारखीच. उत्तर 'इथे राहणाऱ्या अमक्यासाठी' असेल, तर मग ती कितीही वेडीवाकडी असो, तिला माझं मत.

या परीक्षेत पास होणारं एक उदाहरण देते. रॉन अराडचं 'बुकवर्म', कार्टेल कंपनी १९९४ पासून प्लास्टिकमध्ये बनवते. ती नुसती एक लवचीक पट्टी आहे. भिंतीवर तुम्हाला हवी तशी वळवायची, नागमोडी, गोल, कशीही, आणि ब्रॅकेटने ठोकायची. ते ब्रॅकेटच पुस्तकांना टेकूही देतात. कंपनी आकार देतच नाही, आकार घरमालकाने द्यायचा. दोन घरांतली बुकवर्म एकसारखी निघणं कठीण.

दुसरं जरा जड उदाहरण, गायेतानो पेशेची 'अप ५' खुर्ची, १९६९ ची. बाईच्या भरदार शरीरासारखा आकार, कुशीत शिरून बसावं अशी. पायाशी एक गोळा, खुर्चीला बांधलेला. कैद्याच्या पायात असतो तसा. बाईला समाजाने असं जखडून ठेवलंय, असं पेशेला म्हणायचं होतं. आणि इंजिनीअरिंग बघा: फोमची ही अख्खी खुर्ची हवा काढून, दाबून, एक दशांश आकाराच्या चपट्या पाकिटात यायची आणि घरी पाकीट उघडलं की डोळ्यांदेखत फुगायची. त्या खुर्चीत बसणारा रोज पायाशी तो गोळा बघणार. वाद घालता येईल तिच्याशी, पण तिला काहीतरी म्हणायचंय. आपल्या एल आकाराच्या सोफ्याला काय म्हणायचंय? "माझ्यावर डाग पाडू नका."

हे सगळं इटलीचं झालं. "आपल्याकडे नाही बाई असली थेरं," असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन यावं.

विळी. आपण सवयीने तिच्याकडे बघतच नाही. बसायच्या पाटातून वर उगवलेलं वक्र पातं, आणि त्याच्या टोकाला खोबरं खवायची दातेरी चकती. फर्निचर आणि हत्यार एकत्र! मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पायाखाली अर्धी आणि समोर अर्धी. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हलतं, विळीत पातं स्थिर आणि भाजी हलते. माणसाचं वजन हाच क्लॅम्प, म्हणून दोन्ही हात मोकळे. मिलानच्या एखाद्या प्रदर्शनात दिव्याखाली ठेवली असती तर लोकांनी घाबरून, दोन पावलं मागे सरून टाळ्या वाजवल्या असत्या.

किंवा अडकित्ते. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे जाऊन बघा. (शाळेच्या सहलीत बघितलंय म्हणू नका. तेव्हा आपण डब्याकडे बघत होतो.) दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे, त्यांनी लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ हे उभं केलं. राजांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तूंवर त्यांचा जीव: दिवे, भांडी, दारं, अडकित्ते. त्यातले अडकित्ते घोड्यांचे आहेत, पक्ष्यांचे आहेत, माणसांच्या जोडप्यांचे आहेत. सुपारी कातरायला घोडा लागत नाही हे करणाऱ्यालाही माहीत होतं. पण तो अडकित्ता रोज कुणाच्या तरी हातात असणार होता, पानाच्या डब्याबरोबर फिरणार होता, आणि मुख्य म्हणजे सुपारी कातरणार होता. सोन्याच्या लिंबूपिळणीला हे सांगा.

आणि झोपाळा. मी अंड्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय चार कड्यांवर टांगलेल्या शिसवी फळीबद्दल. दिवाणखान्याच्या मधोमध, छताला टांगलेला, हलणारा पलंग! याहून विचित्र फर्निचर मला तरी सुचत नाही, आणि याहून जास्त वापरलं जाणारंही. त्याच्यावर लसूण सोलला जातो, बाळ झोपवलं जातं, पेपर वाचला जातो, भांडणं होतात. भांडताना एकजण पायाने झोका देतो आणि दुसऱ्याला तो थांबवायला लागतो, असं ते भांडण.

आमच्या सांगलीच्या घरात असा झोपाळा आहे. बाबांची जागा ठरलेली, डाव्या कडीला टेकून. ते दादाकडे पुण्याला आले की सोफ्याच्या अगदी कडेवर बसतात, पुढे झुकून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असल्यासारखे. पाठ टेकत नाहीत. डोक्याला तेल असतं आणि सोफा ऑफव्हाइट आहे. कुणी त्यांना काही बोललेलं नाही. वहिनी उलट दहादा म्हणते, "बाबा, नीट बसा ना." पण वस्तूही बोलतात. गेल्या खेपेला त्यांनी मला विचारलं, "मी इथे बसलो तर चालेल ना गं?" पोराच्या घरात, पोराच्या सोफ्यावर, बसायची परवानगी!

डिसेंट घराबद्दलचा माझा राग रंगाचा नाही मंडळी, हा आहे.

माझ्या फ्लॅटमध्ये मी झोपाळा लावून घेतला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, फॉल्स सीलिंगचा लुक जाईल. मी म्हटलं, मग हॉलमध्ये फॉल्स सीलिंगच नको. स्ट्रक्चरल इंजिनीअरला पैसे देऊन विचारलं, त्याने बीममध्ये कुठे आणि कसे अँकर घ्यायचे ते कागदावर दिलं, काम झालं. (स्वतःच्या मनाने स्लॅबला भोकं पाडू नका, प्लीज.) फॉल्स सीलिंगचे वाचलेले पैसे त्यात गेले.

आता नेहमीचे आक्षेप पटापट घेते.

"जागा कुठे आहे?" एल आकाराच्या सोफ्याला आहे ना? दोन माणसांच्या घरात सात जणांची बैठक, आणि ते दोघं सोफ्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसून जेवतात. मी पाहिलंय. तुम्ही पण तसंच जेवता.

"पैसे?" कार्लटन विकत घ्या असं मी म्हणतच नाहीये. साधं लॅमिनेट असूनही ते तेव्हाही श्रीमंतांचंच होतं. कार्ल लागरफेल्डने मोंटे कार्लोचं घर मेम्फिसने भरलं होतं, डेव्हिड बोवीचा मेम्फिस संग्रह त्याच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये लिलावात निघाला. आपलं ते काम नव्हे. पण निळा सनमायका आणि सागाच्या फोटोचा सनमायका एकाच कॅटलॉगमध्ये शेजारी शेजारी असतात, आणि सुतारही तोच, प्लायही तोच. तिरक्या फळीला कोन मोजावा लागतो, एवढाच जादा खर्च.

"दोन वर्षांत कंटाळा येईल." येईल कदाचित. बेजचा येत नाही हे खरं, कारण तो कधी आवडलेलाच नसतो. ज्या गोष्टीवर जीव जडतो तिचाच कंटाळा येऊ शकतो. आला तर रंगवू.

"लोक हसतील." हसू देत की! सातही घरांत मी वास्तुशांतीला गेले तेव्हा फर्निचर बघून कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. "छान आहे हं, डिसेंट" म्हणाले आणि जेवायला बसले. माझ्या निळ्या कपाटावर मात्र चहा गार होईपर्यंत वाद होतो. सासूबाई आधी त्याला 'ते तुझं वाकडं' म्हणायच्या, आता त्यांचं विणकाम त्यातल्या एका तिरक्या खणात असतं. लोकर घरंगळत नाही म्हणे.

तर मागणी पुन्हा एकदा सांगते. विचित्र वस्तू विकत आणा, असं माझं म्हणणं नाही. काहीच आणू नका. आधी पुस्तकं बेडमधून बाहेर काढा. डिकीतले दोर घरात आणा. तबला लॉफ्टवरून खाली उतरवा आणि हॉलमध्ये ठेवा, जिथे तो वाजेल तिथे. आई-बाबा आल्यावर पाठ कुठे टेकतात ते बघा. मग या सगळ्यांना जागा करायची म्हणून जे काही तिरकं, वाकडं, लोंबतं करावं लागेल ते करा, आणि हवा त्या रंगाचं करा. चौथीतल्या मुलाची काळजी करू नका, तो त्याचं बघेल.

बुद्धाचं काय करायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.